नॉरफोकचं धुकं आणि प्लॅटिनमचा कागद : सुरुवातीच्या पिक्टोरिअल निसर्गछायाचित्रांतला उजेड

पाणवठा

मी नॉर्विचजवळ राहतो. पीटर हेन्री एमर्सनने १८८०च्या दशकात ज्या पाणथळीत फोटो काढले ते नॉरफोक ब्रॉड्स माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहेत. त्याची चित्रं पुस्तकांत आणि पडद्यावर मी कित्येक वर्षं पाहतोय, आणि खरं सांगायचं तर ती मला नेहमी फिकट, थोडी मळकट वाटायची. गेल्या महिन्यात लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्याचे मूळ प्लॅटिनम प्रिंट हातभर अंतरावरून पाहिले आणि तो समज पार गेला. तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय, म्हणून हा धागा, पिक्टोरिअल म्हणजे फोटोलाही चित्रासारखी कला मानून काढलेल्या निसर्गछायाचित्रांबद्दल.

एमर्सन क्यूबात जन्मलेला, शिक्षणाने डॉक्टर. टी. एफ. गुडॉल या चित्रकार मित्राबरोबर त्याने १८८६ साली ब्रॉड्सवरच्या जीवनाचा आणि निसर्गाचा एक मोठा अल्बम काढला. त्यात ४० प्लॅटिनम प्रिंट. त्यातलंच ‘गॅदरिंग वॉटर-लिलीज’ मी बराच वेळ पाहत उभा होतो. होडीत दोघं आहेत, पुरुषाच्या हातात वल्ही, बाई काठावरून वाकून पाण्यातलं फूल घेते आहे. मागे बोरूचं दाट रान. बस, एवढंच. पण त्या पाण्यावरचा उजेड मी आजवर कुठल्याच छपाईत पाहिला नव्हता.

त्याचं एक कारण कागदात आहे. त्या काळचे नेहमीचे प्रिंट अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावर निघत. चांदीचं चित्र त्या थरात अडकलेलं असायचं आणि वरून चकाकी. प्लॅटिनम प्रिंटमध्ये थर नसतोच. लोहाचे आणि प्लॅटिनमचे क्षार कागदच शोषून घेतो, त्यामुळे शेवटी उरणारे प्लॅटिनमचे बारीक कण थेट तंतूंमध्ये बसतात. विल्यम विलिसने ही पद्धत १८७३ मध्ये पेटंट केली. चकाकी नाही, म्हणून कुठूनही पाहिलं तरी अंधाऱ्या भागावर खिडकीचं प्रतिबिंब पडत नाही. आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या मधल्या करड्या पायऱ्या इतक्या सावकाश उतरतात की पाणी कुठे संपलं आणि धुकं कुठे सुरू झालं ते बोट ठेवून दाखवता येत नाही. पुस्तकाच्या छपाईत नेमक्या याच पायऱ्या गळतात आणि मग चित्र फिकट दिसतं.

दुसरं कारण काचेवरच्या लेपात. त्या काळच्या साध्या निगेटिव्ह काचा मुख्यतः निळ्या आणि अतिनील प्रकाशाला जागत, तांबड्याला जवळपास आंधळ्या. दमट हवेत दूरच्या वस्तूंवर जी निळसर झाक येते ती आपल्या डोळ्याला जाणवते त्याहून कितीतरी जास्त त्या काचेला जाणवायची. म्हणजे दहा पावलांवरचा बोरू गडद, शंभर पावलांवरचा करडा आणि पलीकडची झाडं नुसती सावलीसारखी. अंतर दाखवायला चित्रकाराला रंग विरळ करत जावं लागतं, इथे ते काम हवा आणि काच मिळून करत होत्या. याच गुणामुळे आकाश मात्र कोरं पांढरं पडे. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६-५७ मध्ये समुद्राची चित्रं करताना काही वेळा आकाशाची वेगळी आणि लाटांची वेगळी निगेटिव्ह घेऊन क्षितिजावर सांधली ती त्यामुळेच. एमर्सन असल्या जोडाजोडीच्या एकूण विरोधातच होता. कोरं आकाश त्याने बहुतेक वेळा तसंच ठेवलं आणि पाण्यात त्याचं प्रतिबिंब घेऊन त्या पांढऱ्याला चित्रात काम दिलं.

तिसरी गोष्ट फोकसची, आणि माझ्या मते सगळ्यात गैरसमज इथेच आहेत. १८८९ साली नॅचरलिस्टिक फोटोग्राफीवरच्या पुस्तकात त्याने हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाच्या दृष्टिशास्त्राचा आधार घेऊन मांडलं की डोळा एका वेळी एकच जागा स्पष्ट पाहतो, बाकीचं थोडं विरघळलेलं असतं. तेव्हा चित्रातही मुख्य वस्तू डोळ्याला दिसते तितकी स्पष्ट असावी, त्याहून जास्त नको, आणि उरलेलं किंचित मऊ. पण वस्तूची घडण मोडेल इतकं मऊ करायचं नाही, हेही त्याने बजावलं होतं. मूळ प्रिंटमध्ये ते कळतं. बाईच्या बाहीची चुणी दिसते, मागच्या बोरूचं पान न् पान मोजता येत नाही, पण तो बोरूच आहे याबद्दल शंका राहत नाही.

तुमच्यापैकी कोणी या काळातली चित्रं मुळात पाहिली असतील, किंवा या पद्धतींनी छपाई करत असाल, तर सविस्तर लिहा.

---

कुंचला

पाणवठा, फार जिव्हाळ्याचा विषय काढलात. मी जलरंगात निसर्गचित्रं करते, त्या बाजूने लिहिते.

तुम्ही करड्या पायऱ्यांबद्दल लिहिलंत तोच आमच्याकडे जलरंगाचा पहिला धडा. कागद ओला असताना रंग सोडला की कडा आपोआप विरते, कागद वाळल्यावर सोडला की कडा उठते. चित्रात कडक कडा किती आणि कुठे, यावर पाहणाऱ्याची नजर कुठे थांबणार ते ठरतं. मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते, कडक कडा पैशासारखी जपून खर्चा. एमर्सनचं फोकसचं म्हणणं वाचताना मला तेच ऐकू आलं. त्याने कडा भिंगाने वाटून दिल्या आहेत.

गुडॉल आणि एमर्सन यांचं एक उदाहरण इथे द्यायलाच हवं. मासे धरायचं जाळं पाण्यात सोडणारी माणसं हा एकच विषय एमर्सनने फोटोत घेतला आणि गुडॉलने तैलरंगात. दोन्ही शेजारी ठेवून पाहिली तर होडीची तिरकी रेघ, पाण्याची पट्टी, मागचा बोरू यांची मांडणी एकमेकांशी बोलते. फोटोवाल्याने चित्रकाराची नक्कल केली असं एका वाक्यात म्हणता येत नाही. दोघं एकाच होडीतून एकच पाणी पाहत होते.

---

जुना रोल

लेख अभ्यासपूर्ण आहे, पण मी असहमती नोंदवतो.

मी तीस वर्षं फिल्मवर काम केलं. माझ्या मते कॅमेऱ्याची ताकद तपशिलात आहे. दगडावरचं शेवाळ, झाडाच्या सालीची भेग, हे हाताने कोणी काढू शकणार नाही इतकं नेमकं कॅमेरा देतो. पिक्टोरिअल मंडळींनी नेमकी तीच ताकद सोडली आणि चित्रकलेच्या दारात जाऊन उभे राहिले. पोत हवा म्हणून खरखरीत कागद घेतला, म्हणजे पोत कागदाचा झाला, शेताचा नाही. जॉर्ज डेव्हिसनचं १८९०चं कांद्याच्या शेताचं चित्र घ्या. भिंगाऐवजी बारीक छिद्र आणि खडबडीत कागद. पुढे १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरेंनी एफ/६४ (भिंगाचं अगदी बारीक छिद्र, ज्याने जवळचं-दूरचं सगळं स्पष्ट येतं) या नावाचा गट काढून याच्याविरुद्ध उभं राहणं मला फार समजण्यासारखं वाटतं.

---

पाणवठा

जुना रोल, तुमचा आक्षेप मोलाचा आहे, कारण डेव्हिसनचं नाव घेतल्याने फरक नीट दाखवता येईल.

छिद्राच्या कॅमेऱ्यात फोकस नावाची गोष्टच नसते. जवळचा कांद्याचा बोंड आणि दूरचं घर दोन्ही सारखेच मऊ येतात. म्हणजे डेव्हिसनचा मऊपणा सगळीकडे एकसारखा पसरलेला, एमर्सनचा जागेनुसार कमीजास्त. एमर्सनला डेव्हिसनचा हा मार्ग अजिबात पटला नाही आणि दोघांचं पुढे चांगलंच बिनसलं. त्यामुळे “पिक्टोरिअल म्हणजे धूसर” असं सगळ्यांना एका माळेत ओवता येत नाही.

तरीही मी डेव्हिसनच्या बाजूने थोडं बोलतो. त्याच्या चित्रात खालचा अर्धाअधिक भाग नुसती कांद्याची पांढरी बोंडं आहेत. ती प्रत्येक स्पष्ट आली असती तर नजर एकेका बोंडावर अडखळत राहिली असती. मऊ झाल्यामुळे ती सगळी मिळून एक हलता पांढरा पट्टा होतात आणि नजर त्यावरून वर, घराच्या गडद आकाराकडे जाते. तपशील गेला हे खरं, पण त्या बदल्यात शेताचा विस्तार आणि त्यावरचा सपाट उजेड मिळाला. आधी त्याने या चित्राला जुन्या शेतघराचं नाव दिलं होतं, नंतर ते कांद्याच्या शेताच्या नावाने ओळखलं गेलं. मला वाटतं नाव बदललं ते योग्यच झालं, कारण चित्र शेताचंच आहे.

---

रानजाई

मी पुण्यात घरी गम बायक्रोमेट करते, चारेक वर्षं झाली. कागदाच्या पोताबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पद्धत थोडक्यात अशी. डिंकाच्या पाण्यात जलरंग आणि डायक्रोमेटचा क्षार मिसळायचा, कागदावर लावायचा, अंधारात वाळवायचा, वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचा. जिथे ऊन लागलं तिथला डिंक घट्ट होतो आणि रंग धरून बसतो. जिथे लागलं नाही तिथला पाण्यात सुटून जातो. डिंक म्हणजे आपल्या ओळखीचाच, बाभळीच्या कुळातल्या झाडांचा. डायक्रोमेट मात्र विषारी आहे, कर्करोगाचा धोका असतो. हातमोजे घालूनच, आणि स्वयंपाकघरापासून दूर. त्याचं पाणी मोरीत ओतायचं नाही.

आता पोताचं. कागदाला आधी जिलेटिनचं अस्तर दिलं नाही तर रंग तंतूंत शिरतो आणि पांढरा भाग कधी पांढरा होत नाही. अस्तर जास्त झालं तर डिंक पकडच घेत नाही, पाण्यात सोलून निघतो. या दोन टोकांच्या मध्ये जी जागा आहे तिथे कागदाचे उंचवटे आणि खळगे रंग वेगवेगळा धरतात आणि उजेडाला दाणा येतो. जुना रोल म्हणतात पोत कागदाचा झाला. हो, कागदाचाच असतो. पण मी पावसाळी आभाळ छापते तेव्हा त्या दाण्यामुळेच आभाळ जड वाटतं. गुळगुळीत कागदावर तेच आभाळ नुसता करडा चौकोन होतं.

एक अडचण सगळ्यांना येते. डिंकाच्या एका थरात फार थोड्या छटा मावतात. सावल्या सांभाळल्या तर उजळ भाग जातो, उजळ सांभाळला तर सावल्या पोकळ. व्हिएन्नाच्या कॅमेरा क्लबातल्या हाइन्रिख क्यून, हान्स वाट्झेक आणि हुगो हेनेबर्ग या तिघांनी यावर उपाय काढला. एकाच कागदावर थरावर थर द्यायचे, एक सावल्यांसाठी, एक मधल्या छटांसाठी, एक उजळ भागांसाठी. दर वेळी निगेटिव्ह केसभरही न हलवता परत त्याच जागी बसवायची. ओला होऊन वाळलेला कागद आकसतो, त्यामुळे हे बोलण्याइतकं सोपं नाही. माझे तीन थर जुळायला पहिलं वर्ष गेलं. त्या तिघांचे प्रिंट आकाराने भलेमोठे असत, भिंतीवर चित्रासारखे लावायचे. झाडांची रांग, टेकडी, ढग, एवढेच मोठे आकार. बारीकसारीक तपशील त्या पद्धतीत टिकणारच नव्हता, म्हणून त्यांची मांडणीही मोठ्या गडद-उजळ तुकड्यांची झाली. पद्धत आणि रचना एकमेकींना घडवतात ते इथे हातात कळतं.

---

कुंचला

रानजाई, “दाण्यामुळे आभाळ जड वाटतं” हे अगदी खरं. खरखरीत कागदावर कोरडा कुंचला ओढला की हेच होतं. तुमचे प्रिंट इथे टाका ना.

---

तिसरा डोळा

मोठे गडद-उजळ तुकडे हा मुद्दा पुढे नेतो.

अमेरिकेत आर्थर वेस्ली डाउ नावाचे कलाशिक्षक होते. जपानी छापचित्रांवरून त्यांनी ‘नोतान’ म्हणजे काळ्या-पांढऱ्याच्या समतोलाचा विचार शिकवायला घेतला. वस्तू कुठली आहे ते विसरायचं, चौकटीत गडद आकार किती आणि मोकळी जागा किती एवढंच पाहायचं. आल्विन लँग्डन कोबर्न त्यांच्याकडे शिकला. त्याचं १९०९चं ‘द ऑक्टोपस’ पाहा. न्यूयॉर्कमधल्या मॅडिसन स्क्वेअरची बर्फात बुडालेली बाग, उंचावरून घेतलेली. पायवाटा बर्फात काळ्या होऊन अष्टपादाच्या हातांसारख्या पसरल्यात आणि बाजूने मनोऱ्याची सावली आत शिरते. क्षितिज नाही, आकाश नाही. निसर्गचित्राला क्षितिज लागतंच ही सवय इथे मोडते.

आणि एडवर्ड स्टायकेन या अमेरिकी छायाचित्रकाराचं ‘द पाँड – मूनलाइट’. १९०४, न्यूयॉर्क राज्यातलं मामारोनेक. तळ्याकाठच्या झाडांमागे चंद्र, पाण्यात त्याची तिरीप. प्लॅटिनमवर रंगाचे थर चढवलेले. त्या वेळी रंगीत फोटोची सोपी पद्धत बाजारात आलेली नव्हती. २००६ साली त्याचा एक प्रिंट न्यूयॉर्कच्या लिलावात २९ लाख डॉलरच्या वर गेला. लोक किमतीवर बोलत राहतात. मला त्यातली झाडांच्या खोडांची उभी अंतरं जास्त मोलाची वाटतात. ती सारखी नाहीत, आणि चंद्र नेमका जिथे फट रुंद होते तिथे आहे.

आणखी एक. मोबाइलमधल्या “ब्लर”शी या मंडळींच्या मऊ भिंगांची तुलना करू नका. त्यांच्या मऊ भिंगांत उजेड एका बिंदूत नीट न जुळण्याचा दोष मुद्दाम अपुरा दुरुस्त केलेला असे. त्यांत वस्तूचा स्पष्ट गाभा राहतो आणि भोवती उजेडाची प्रभावळ येते. फोकस चुकला की गाभाच जातो. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

---

जुना रोल

गाभा आणि प्रभावळ हा फरक मला माहीत होता, पण या चर्चेत तो कुठे बसतो ते आत्ता लक्षात आलं. ‘द ऑक्टोपस’ मलाही आवडतं. डेव्हिसनबद्दल माझं मत तेच आहे.

---

अबोली

आपल्याकडे याचं काही होतं का? मुंबईत?

---

तिसरा डोळा

होतं. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच सुरू झाली होती. पिक्टोरिअल वळणाचं म्हणाल तर शापूर भेडवार हे मुंबईचे पारशी छायाचित्रकार १८९०च्या दशकात विलायतेतल्या प्रदर्शनांपर्यंत पोचले होते. मात्र त्यांचा ओढा माणसं उभी करून रचलेल्या प्रसंगांकडे, असेच प्रसंग रचणाऱ्या इंग्लिश छायाचित्रकार हेन्री पीच रॉबिन्सनच्या वळणाने. निसर्गचित्रं हा त्यांचा प्रांत नव्हे. १९३०च्या दशकात मुंबईत कॅमेरा पिक्टोरिअलिस्ट्स ऑफ बॉम्बे हा गट उभा राहिला. म्हणजे कॅलिफोर्नियात जेव्हा त्याविरुद्ध बंड चाललं होतं तेव्हा इथे ती शैली जोमात होती. जुन्या घरांत त्या काळच्या हौशी मंडळींचे प्रिंट अजून पेट्यांत असतील. कोणाकडे असतील तर कृपा करून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, दमट हवेत चिकटून जातात.

---

अबोली

धन्यवाद. अजून एक विचारते, मला यातलं तांत्रिक फार कळत नाही. एमर्सनच्या चित्रात मागचं सगळं विरलेलं दिसतं ते तिथल्या धुक्यामुळे की त्याने भिंगाने केलं म्हणून? दोन्ही एकच दिसत नाही का?

आणि कुठेतरी वाचलं होतं की पुढे त्याने स्वतःच आपलं मत मागे घेतलं. खरं आहे का?

---

पाणवठा

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. खरं आहे. १८९० मध्ये हर्टर आणि ड्रिफिल्ड या दोन संशोधकांनी काचेवर पडणारा प्रकाश आणि तिथे येणारा काळेपणा यांचं ठरावीक नातं मोजून दाखवलं. एमर्सनचा विश्वास होता की डेव्हलप करताना छायाचित्रकार छटांचं आपसातलं प्रमाण मनासारखं बदलू शकतो, म्हणून ती कला. ते प्रमाण आपल्या हातात नाही असं दिसल्यावर तो हादरला. त्याच सुमारास एका मोठ्या चित्रकाराशी झालेल्या बोलण्याचाही परिणाम होता. त्याने काळ्या चौकटीची, दुखवट्यासारखी एक पुस्तिका काढून नॅचरलिस्टिक फोटोग्राफी मेली असं जाहीर केलं.

आणि मग काय केलं? ‘मेड ऑफ द मिस्ट’ नावाच्या होडीवर मुक्काम ठोकून ब्रॉड्समध्येच राहिला आणि फोटो काढत राहिला. १८९५ मध्ये त्याचा शेवटचा मोठा संग्रह आला, ‘मार्श लीव्ह्ज’. त्यातली चित्रं मला त्याच्या आधीच्या सगळ्या कामापेक्षा जवळची आहेत. माणसं जवळजवळ गेलीत. बर्फ, पाणी, चार काटक्या, एखादं झाड. चौकटीचा मोठा भाग मोकळा. ज्या माणसाने फोटो ही कला नाही असं छापून सांगितलं त्याने त्यानंतर अशी चित्रं केली, हे मला वारंवार आठवतं आणि त्याच्याबद्दल फार आपुलकी वाटते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर घरबसल्या देण्यापेक्षा जाऊन पाहून देतो. धुकं पडलं की लिहितो.

---

रानजाई

जाताना साधं भिंग न्या, झूम नको. एमर्सन लांब फोकल लेंथचं भिंग वापरायला सांगायचा, त्यामुळे मागची झाडं बारीक होऊन पळत नाहीत, पुढे ओढल्यासारखी येतात. पुढचं-मागचं एकमेकांवर रचल्यासारखं दिसतं ते त्यामुळेही असेल.

---

पाणवठा

अबोली, काल जाऊन आलो. सकाळी साडेसातला नदीवर पोचलो. दाट धुकं, वारा अजिबात नाही.

माझ्या पायाशी बोरूचे तुरे होते, ते अगदी स्पष्ट. एकेका तुऱ्यावर दंवाचे थेंब दिसत होते. पलीकडच्या काठावरचा बोरू करडा होता, पण डोळे बारीक करून पाहिलं तर त्याच्या पात्यांच्या कडा तुटक नव्हत्या, नीट होत्या. फक्त फिकट. त्याही मागे वाळुंजाची झाडं होती, ती आकाशापासून जेमतेम एक छटा वेगळी. धुक्याने कुठेच कडा मऊ केली नव्हती. ते फक्त गडदपणा काढून घेत होतं, आणि पुरेसा काढून घेतला की कडा उरतच नव्हती.

रानजाईने सांगितल्याप्रमाणे लांब भिंगाने दोन फोटो काढले. एकात भिंगाचं छिद्र लहान ठेवलं, सगळं स्पष्ट. दुसऱ्यात मोठं, फोकस जवळच्या बांधलेल्या होडीवर. दोन्हीत मागचा बोरू सारखाच फिकट आलाय. पहिल्यात मात्र त्या फिकट बोरूची शेकडो पाती दिसतात आणि नजर तिकडे सारखी ओढली जाते. दुसऱ्यात ती एक करडी भिंत झाली आहे आणि होडी पाण्यावर बसलेली दिसते.

म्हणजे ‘वॉटर-लिलीज’मधला फिकटपणा हवेचा आणि त्या निळ्याला जागणाऱ्या काचेचा, मऊपणा एमर्सनचा. दोन्ही फोटो उद्या इथे टाकतो. जुना रोल, तुम्हाला पहिला आवडेल असं वाटतं. त्यात होडीच्या दोरावर बसलेली पाणकोंबडी आहे, तिच्या पायाची बोटंसुद्धा मोजता येतात.